पतधोरणावरच्या भाषणाची प्रत वक्त्यांकडे मागायची आहे, पत्र कसे लिहावे?

ग्रंथपाल_सिंधुदुर्ग

नमस्कार मंडळी.

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत गेल्या रविवारी पतधोरणावर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या व्याजदर आणि पैशाच्या पुरवठ्याच्या धोरणावर, भाषण झाले. वक्ते मध्यवर्ती बँकेतून वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. सव्वा तास बोलले. बहुतेक मराठीत, पण मधला वीसेक मिनिटांचा भाग त्यांनी सोबत आणलेल्या इंग्रजी टाचणांवरून वाचला. श्रोत्यांत आंबा बागायतदार होते, दोन पतसंस्थांचे संचालक होते, ट्रॉलरमालक आणि बारावी कॉमर्सची मुलेही होती. आता रोज कोणी ना कोणी भाषणाची प्रत मागायला वाचनालयात येते.

आमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे. वक्त्यांकडे लिखित प्रत मागावी, दोनशे पुस्तिका छापून वाटाव्यात, पीडीएफ व्हॉट्सॲपवर द्यावी आणि इंग्रजी भाग मराठीत करून घ्यावा असा विचार आहे. ते मानधन न घेता आले, प्रवासखर्चही नको म्हणाले. अशा माणसाकडे पुन्हा काही मागायचे तर पत्र नेटके हवे. त्यात काय लिहावे आणि काय लिहू नये?

दुसरे असे की राजापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाने आम्हाला पत्र पाठवून या भाषणाची प्रत किंवा ध्वनिमुद्रण मागितले आहे. त्यांना ते वार्षिक अंकात घ्यायचे आहे. भाषण तर जाहीर होते. मग परवानगी लागते का? त्यांना काय कळवावे?

जुनी_खतावणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचे सगळे त्यावर टेकलेले आहे.

भाषण चारचौघांत झाले म्हणून ते सर्वांच्या मालकीचे होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये जाहीर भाषणाची वेगळी तरतूद आहे. ज्याने भाषण केले तोच पहिला मालक. ते दुसऱ्या कोणाच्या वतीने केले असेल तर तो दुसरा मालक. भाषण कोणी भरवले, कोणाच्या सभागृहात झाले याने मालकी बदलत नाही, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे माईक आणि ध्वनिमुद्रण वाचनालयाचे असले तरी शब्द वक्त्यांचे. राजापूरकरांना प्रत देण्याचा अधिकार आज तुमच्याकडे नाही.

परवानगीशिवाय काय चालते? कलम ५२ प्रमाणे जाहीर भाषणाची बातमी किंवा वृत्तांत देता येतो. कोण बोलले, मुख्य मुद्दे काय, दोन-चार वाक्ये त्यांच्या शब्दांत, असा अर्ध्या पानाचा वृत्तांत आजच फलकावर लावा. रोज येणाऱ्यांची निम्मी गरज तिथेच भागेल. पूर्ण मजकूर छापणे, त्याचे भाषांतर करणे, ध्वनिमुद्रण फिरवणे या तिन्हींना मात्र परवानगी हवी, आणि ती लेखी हवी. पूर्वी सहीचे पत्र लागे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३० मधला सहीचा शब्द गेला, त्यामुळे वक्त्यांनी ईमेलवर "माझी हरकत नाही, अमुक गोष्टीला परवानगी देतो" असे लिहिले तरी पुरते. फोनवरच्या "हो हो, छापा की" वर विसंबू नका. त्यांचा शब्द कच्चा नसतो. पण फोनवर ते पुस्तिकेला हो म्हणतात आणि व्हॉट्सॲपचा विषय निघालेलाच नसतो.

मुदतीचा एक बारकावा बहुतेक संस्थांच्या लक्षात येत नाही. परवानगीत मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. आणि वर्षभरात ती वापरलीच नाही तर, वेगळे ठरलेले नसल्यास, ती संपते. छपाई नेहमीच लांबते. तेव्हा पत्रात मुदत स्पष्ट मागा.

वक्ते निवृत्त आहेत हे तुमच्या पथ्यावर. सेवेतला अधिकारी असता तर त्याच्या कार्यालयाची संमती लागली असती आणि "मते व्यक्तिगत आहेत" ही ओळ छापावी लागली असती. पुढे कधी सेवेतल्या माणसाला बोलवाल तेव्हा व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकांचे वेळापत्रक आधी बघा, ते आर्थिक वर्षासाठी आगाऊ जाहीर होते. समितीच्या सहा सदस्यांना निर्णयाआधी सात दिवस आणि नंतर सात दिवस धोरणावर जाहीर बोलता येत नाही. त्या पंधरवड्यात निमंत्रण द्यायचे म्हणजे त्यांना अवघडात टाकायचे.

आता पत्र. एकच पान. वाचनालयाचा कागद, जावक क्रमांक, दिनांक, विषय. मायन्याला "सन्माननीय महोदय, सप्रेम नमस्कार वि. वि." पुरे. "साष्टांग" घरच्या वडीलधाऱ्यांना शोभते, संस्थेच्या पत्रात ते अघळपघळ दिसते. पहिल्या परिच्छेदात आभार, पण "आपल्या विद्वत्तापूर्ण भाषणाने श्रोते मंत्रमुग्ध झाले" असले काही नको. भाषणातला एक नेमका मुद्दा घ्या आणि तो कोणाला कसा उपयोगी पडला ते सांगा. वक्त्याला त्यातून कळते की ऐकले गेले. असे पत्र तो बाजूला टाकत नाही.

मग मागणी. किती प्रती, कोणत्या रूपात, किंमत आहे की विनामूल्य, पीडीएफ कुठे जाईल, भाषांतर कोण करणार आणि ते कोणाला दाखवणार, हे आकड्यांसह लिहा. "भाषण प्रसिद्ध करण्यास परवानगी द्यावी" एवढेच लिहिलेत तर त्या बिचाऱ्यांना उलट पाच प्रश्न विचारावे लागतात. तो त्रास वाचवणे हीच खरी अदब.

लिखित प्रत असेलच असे धरू नका. टाचणे म्हणजे प्रत नव्हे. "लिखित प्रत असल्यास ती, नसल्यास आम्ही ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवून आपल्याकडे तपासणीस पाठवू" असा पर्याय तुम्हीच द्या. उतरवलेला मजकूर छापील कागदावर पाठवा: १४ पॉइंट अक्षर, दुप्पट ओळअंतर, उजवीकडे दोन इंचांचा समास, सोबत तिकीट लावलेले परतीचे पाकीट. सत्तरीच्या माणसाला मोबाइलवर पीडीएफ तपासायला लावू नये.

आणि नकाराला वाट ठेवा. "छापील पुस्तिका चालेल पण व्हॉट्सॲप नको" असे म्हणायची सोय पत्रातच हवी. या विषयात वक्ते व्हॉट्सॲपला का बिचकतात तेही समजून घ्या. भाषणातला एक परिच्छेद सुटा होतो, तारीख गळते, आणि सहा महिन्यांनी तो "माजी अधिकारी म्हणतात व्याजदर उतरणार, आत्ताच कर्ज घ्या" या मथळ्याखाली फिरतो. नाव त्यांचे जाते.

प्रश्नोत्तरे मागू नका. तिथे माणूस मोकळेपणी बोलतो आणि विचारणाऱ्यांनीही आपली कर्जे, ठेवी उघड केलेल्या असतात.

शुद्धप्रत

खतावणी काकांनी पत्राचे सांगितले. मी मजकूर उतरवण्याबद्दल आणि भाषांतराबद्दल लिहिते, कारण पतधोरणाच्या भाषणात चुका तिथेच होतात आणि त्या वक्त्याच्या नावावर चढतात.

सव्वा तासाच्या मराठी भाषणाचे साधारण आठ हजार शब्द होतात. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला टंकनाचे पाच ते सहा तास धरा. पुनरुक्ती, "म्हणजे बघा", "काय होतं" वगैरे काढल्यावर सहा हजारांच्या आसपास उरतात. ए-फाइव्ह पानावर १२ पॉइंटमध्ये अडीचशे शब्द बसतात, म्हणजे २४ पाने. ए-फोरचे सहा कागद मधून दुमडून टाचले की झाले. पाने चारच्या पटीत ठेवा, नाहीतर कोरी पाने उरतात.

सर्वांत मोठा धोका आकड्यांचा. वक्ता बोलतो "सव्वासहा", टंकणारा मुलगा लिहितो ६.१५. "पावणेसहा" चे ६.७५ होते. "साडेपाच" बहुधा नीट उतरते, पण "पाऊण टक्का" ०.७५ ऐवजी ०.५० झालेला दिसतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे सगळे शब्द उतरवताना अक्षरातच ठेवा आणि शेजारी चौकटी कंसात आकडा टाका: सव्वासहा [६.२५]. शेवटच्या वाचनात दोन माणसे बसवा, एकाने ऐकायचे, दुसऱ्याने वाचायचे. एकट्याने तपासले की डोळा आपलीच चूक बरोबर वाचतो.

दुसरी चूक टक्का आणि टक्केबिंदू यांतली. ७ फेब्रुवारी २०२५ ला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ६.२५ वर आला. ही कपात पाव टक्केबिंदूची, म्हणजेच २५ आधार बिंदूंची. "दर पाव टक्क्याने घटला" असे आपण सर्रास बोलतो आणि ऐकणाऱ्याला कळते. पण छापताना "०.२५ टक्क्यांनी घट" लिहिले की काटेकोर वाचक ६.५० च्या ०.२५ टक्के काढायला बसतो. प्रमाणात पाहिले तर ती घट जवळजवळ ३.८५ टक्क्यांची आहे. "६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर" असे दोन्ही आकडे दिले की वादच उरत नाही.

इंग्रजी भागातले ट्रिलियन आणि बिलियन जपून. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी, बिलियन म्हणजे शंभर कोटी. जून २०२५ मध्ये रोख राखीव प्रमाण (सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा हिस्सा) एक टक्केबिंदूने कमी करायचे जाहीर झाले, तेव्हा त्यातून सुमारे अडीच लाख कोटी रुपये बँकांच्या हाती मोकळे होतील असे सांगितले गेले. ट्रिलियन उलगडताना चुकून हजार कोटी धरले तर सगळा मुद्दाच शंभरपट आक्रसतो. याच उदाहरणात आणखी एक मेख आहे. जाहीर झाले ६ जूनला, पण अंमल पाव-पाव टक्क्याच्या चार हप्त्यांत, ६ सप्टेंबर ते २९ नोव्हेंबर. वक्ता एकच तारीख बोलला असेल तर ती जाहीर झाल्याची की अमलाची, हे त्यांनाच विचारायचे.

शब्दांबद्दल. मौद्रिक धोरण आणि पतधोरण यांतला एकच शब्द धरा. आपल्याकडे वर्तमानपत्रांमुळे पतधोरण कानावर आहे, तोच बरा. सरकारच्या कर आणि खर्चाच्या धोरणाला राजकोषीय धोरण म्हणा. "वित्तीय धोरण" टाळा, ते दोन्हीकडे वाचता येते. "लिक्विडिटी"ला तरलता किंवा रोकडसुलभता, दोन्ही चालतात. रेपो, सीआरआर तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ द्या. रेपो दर म्हणजे बँका रिझर्व्ह बँकेकडून रोखे तारण ठेवून अल्पमुदतीचे पैसे घेतात तो दर. तो ठेवीवरचा दर समजणारे बरेच आहेत.

भाषांतरात सर्वांत जास्त दिशाभूल करणारे वाक्य "महागाई कमी झाली" हे. इंग्रजीत महागाईचा वेग मंदावणे आणि भाव प्रत्यक्ष उतरणे यांना निरनिराळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आपण "महागाई कमी झाली" म्हणून मोकळे होतो. शंभर रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी सहा टक्क्यांनी वाढून १०६ झाली, दुसऱ्या वर्षी चार टक्क्यांनी वाढून ११०.२४. दर सहावरून चारवर आला, वस्तू मात्र महागच झाली. इथे "महागाईचा दर कमी झाला, भाव वाढतच राहिले" असे पूर्ण लिहा. नाहीतर बाजारात सव्वाशेचा नारळ-बटाटा घेऊन आलेली बाई पुस्तिका मिटून ठेवील, आणि तिचे बरोबर असेल.

भाषांतरकाराने वक्त्याच्या तोंडी काही घालू नये. तुमच्याकडे पतसंस्थांचे संचालक आहेत, त्यांना लगेच प्रश्न पडेल की रेपो उतरला तर आमचा व्याजदर का उतरत नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या रेपो खिडकीशी त्यांचा थेट संबंध नाही. बँकांच्या बाबतीत तरत्या दराची नवी गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य मानदंडाला जोडावी लागतात, म्हणून तिथे परिणाम लवकर दिसतो. हे सांगायलाच हवे. पण वक्ते बोलले नसतील तर ते तळटीपेत, खाली "संपादक" असे लिहून.

सड्यावरून

एक जोडप्रश्न. पुस्तिकेच्या शेवटी चिंतामणराव देशमुखांचे एखादे जुने भाषण जोडता येईल का? महाडजवळच्या नाते गावचे, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कोकणातल्या वाचकांना ते आपले वाटतील. आता इतकी वर्षे झाली, हक्क संपले असतील ना?

जुनी_खतावणी

नाही संपले. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे, आणि मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. देशमुख २ ऑक्टोबर १९८२ ला गेले, तेव्हा त्यांच्या वैयक्तिक भाषणांचा हक्क ३१ डिसेंबर २०४२ पर्यंत. गव्हर्नर म्हणून बँकेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मालक निराळा, तिथे बँकेलाच विचारायचे. बँकेच्या बऱ्याच प्रकाशनांवर स्रोताचा उल्लेख करून पुनर्मुद्रणाला परवानगी असल्याचे छापलेले असते. ज्या अंकातून घ्याल त्याच अंकावर ते वाचून घ्या.

सोपा मार्ग असा की भाषण जोडू नका, ते कुठे मिळते ते सांगा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर गव्हर्नर आणि डेप्युटी गव्हर्नरांची भाषणे तारखेनुसार आहेत, मासिक बुलेटिनमध्येही छापली जातात. पतधोरण समितीचे इतिवृत्त बैठकीनंतर चौदाव्या दिवशी येते, आणि कोणत्या सदस्याने काय मत दिले ते त्यात नावानिशी असते. अर्थसंकल्पाची भाषणे अर्थमंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. राजापूरकरांना तर १९ मार्च १९९० चे भाषण जरूर सुचवा, मधु दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते आणि राजापूरचेच खासदार.

दर्यावर्दी

थोडे छपाईचे. मजकूर युनिकोडमध्येच टंका. तालुक्याच्या ठिकाणचे बरेच छापखाने अजून जुन्या फॉन्टवर पाने लावतात. युनिकोडमधून तिकडे नेताना रफार सरकतो, "ऱ्या" फुटतो आणि कधी दशांशचिन्ह गळते. ६.२५ चे ६२५ झालेले मुद्रितात पटकन दिसत नाही. छापखान्यातून पहिले मुद्रित आले की सगळ्यात आधी फक्त आकडे तपासा, मजकूर नंतर. आकड्यांची यादी वेगळ्या कागदावर काढून एकेकावर खूण करत जा.

पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी वक्त्यांचे नाव, भाषणाची तारीख आणि "पृष्ठ अमुक पैकी चोवीस" टाका. एकच पान पुढे गेले तरी तारीख सोबत जाते. २०२५ मध्ये रेपो दर फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये ५.५० झाला. मार्चमधले भाषण जुलैत तारखेशिवाय फिरले असते तर प्रत्येक आकडा खोटा ठरला असता.

ग्रंथपाल_सिंधुदुर्ग

सर्वांचे मनापासून आभार. वृत्तांत फलकावर लावला. पत्राचा मसुदा खाली देतो, कृपया बघावा.

> विषय: आपल्या भाषणाचा मजकूर पुस्तिकारूपाने प्रसिद्ध करण्याबाबत
>
> सन्माननीय महोदय,
> सप्रेम नमस्कार वि. वि.
>
> आपण आमच्या व्याख्यानमालेत आलात, त्याबद्दल कार्यकारिणीच्या वतीने आभार. आपण फळ्यावर मांडलेला हिशेब, की दहा लाखांच्या पंधरा वर्षांच्या कर्जावर व्याज नऊवरून साडेआठ टक्के झाले तर हप्ता १०,१४३ रुपयांवरून ९,८४७ वर येतो, आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज सुमारे दहा महिने आधी फिटते, तो अनेकांनी वहीत उतरवून नेला. काहींनी बँकेत जाऊन आपल्या कर्जाची मुदत विचारली.
>
> या भाषणाची पुस्तिका काढावी अशी सभासदांची इच्छा आहे. आपली अनुमती असल्यास पुढीलप्रमाणे करू: चोवीस पानी पुस्तिका, दोनशे प्रती, विनामूल्य, इंग्रजी भागाचे मराठी भाषांतर आपणास दाखवूनच, आणि पीडीएफ वाचनालयाच्या सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर. प्रश्नोत्तरांचा भाग घेणार नाही. आपल्याकडे लिखित प्रत असल्यास ती मिळावी, नसल्यास आम्ही मजकूर उतरवून तपासणीसाठी पाठवू. अनुमती तीन वर्षांसाठी असावी, अशी विनंती.
>
> यांपैकी काही गोष्टींना आपली संमती नसल्यास तसे निःसंकोच कळवावे. सोबतच्या कागदावर प्रत्येक बाबीपुढे होय किंवा नाही अशी खूण करून परतीच्या पाकिटातून पाठवले तरी पुरेल. दिवाळीपूर्वी छपाईला द्यायचा मानस आहे, तथापि आपल्या सवडीप्रमाणे पुढे नेता येईल.
>
> कळावे, लोभ असावा ही विनंती.
> आपला नम्र, ग्रंथपाल

शुद्धप्रत

हिशेब ताडून पाहिला, बरोबर आहे. हप्ता १०,१४३ च ठेवला तर १८० ऐवजी १७० महिने लागतात. भाषांतर कोण करणार ते मात्र राहिले. नाव किंवा निदान "आमच्याच सभासद, अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका" एवढे तरी घाला. भाषांतर कोणाच्या हाती जाते आहे हे वक्त्याला कळले की निम्मी काळजी मिटते.

जुनी_खतावणी

मसुदा छान उतरला आहे. तीन दुरुस्त्या सुचवतो.

"काहींनी बँकेत जाऊन विचारले" हे खरोखर घडले असेल तरच ठेवा. अनुमती कोणत्या दिवसापासून तीन वर्षे ते लिहा, "अनुमतीच्या दिनांकापासून" एवढे दोन शब्द पुरेत, आणि वर्षभरात छपाई न झाल्यासही ती कायम राहावी असे जोडा. खाली सही ग्रंथपालाबरोबर अध्यक्षांचीही हवी, कारण अनुमती संस्थेला मिळणार आहे, उद्या ग्रंथपाल बदलले तरी ती चालली पाहिजे.

आता राजापूरचे. त्यांची मागणी याच पत्रात घुसडू नका. दोन संस्थांच्या दोन मागण्या एका पत्रात आल्या की वक्ते दोन्हींवर विचार करत बसतात आणि उत्तर लांबते. वक्त्यांचा पत्ता किंवा फोनही राजापूरकरांना परस्पर देऊ नका. आधी वक्त्यांना एका ओळीचा निरोप पाठवून विचारा की पत्ता दिला तर चालेल का. राजापूरला आजच उत्तर मात्र पाठवा, त्यांना ताटकळत ठेवणे बरे नाही:

> आपले पत्र मिळाले. भाषणाबद्दल आपण आस्था दाखवलीत याचा आनंद वाटला. भाषणाचे सर्व हक्क वक्त्यांकडे असल्याने प्रत किंवा ध्वनिमुद्रण आम्हाला परस्पर देता येत नाही. आपली विनंती त्यांच्या कानावर घालत आहोत आणि त्यांची संमती आल्यास पत्ता कळवू. दरम्यान आम्ही तयार केलेला अर्ध्या पानाचा वृत्तांत सोबत जोडला आहे, तो आमच्या वाचनालयाच्या उल्लेखासह आपल्या अंकात घेण्यास आमची हरकत नाही.

वृत्तांत तुम्ही लिहिलेला आहे, तेवढा देण्याचा अधिकार तुमचा आहे.

ग्रंथपाल_सिंधुदुर्ग

तिन्ही दुरुस्त्या केल्या. बँकेतले वाक्य काढले, ते ऐकीव होते. भाषांतर आमच्या सभासद प्राध्यापिका करणार आहेत, तसे घातले. अध्यक्षांची सही उद्या होईल, पत्र परवाच्या टपालाने निघेल. राजापूरचे उत्तर आजच टाकले. देव बरे करो.